साडेदहाची कॅप

"मावशी, सुपारी खाल्लीत ना?" मालिनीताईंच्या खालच्या दाढेवरची फुटलेली तात्पुरती कॅप काढत डॉ. हेमांगीने विचारलं.

"शपथ घेते. दहा दिवस मऊ भात खातेय."

हेमांगीने तुकडा यंत्राखाली ठेवला. हल्ली कॅपच्या प्लास्टिकसारख्या रेझिनमध्येच दाब नोंदवणारे कण मिसळलेले असत; कधी, किती जोरात चावलं ते पडद्यावर दिसे. जेवणाच्या वेळी दाब अगदी कमी होता. मात्र रोज सकाळी साडेदहाला, वीस मिनिटं, सुपारी फुटेल इतका.

"साडेदहाला काय करता?"

"लेकीचा व्हिडिओ कॉल असतो, जपानहून. आमचे हे दोन महिने झाले अंथरुणाला खिळलेत. तिचे दिवस भरत आलेत, म्हणून सांगितलं नाही. बाबा बाजारात गेलेत म्हणते मी, हसते."

दाढेजवळ बधिर करायचं इंजेक्शन देऊन हेमांगी म्हणाली, "रेझिनमध्ये काचेची पूड वाढवली तर कॅप फुटणार नाही. पण मग तो जोर कॅपखालच्या दाढेवर जाईल. ती फुटली तर काढावीच लागेल."

"वाढवा."

थोड्या वेळाने, साडेदहाला, लेकीचा फोन वाजला. मालिनीताईंनी सवयीने हसून उचलला, पण अर्धा ओठ हललाच नाही.

"आई, तोंड असं काय झालंय तुझं?"

दातांच्या डॉक्टरकडे आलेय, एवढं सांगून भागलं असतं. मालिनीताईंनी जबडा सैल सोडला.

"बाबांबद्दल बोलायचंय गं," त्या म्हणाल्या.

हेमांगीने काढून ठेवलेली काचेच्या पुडीची बाटली परत कपाटात ठेवली.