रावान तापवताना

संप पेटला तसं मॉरिशसच्या साखर कारखान्याने मजुरांना चुली विझवायला लावल्या. न जाणो, कुणी ऊस जाळायचं. निखारे उरले फक्त बयजाच्या दारात, कारण गोऱ्या इन्स्पेक्टरच्या वर्दीला तिचीच इस्त्री लागे.

शेजारची सेलेस्तीन काखेत नवऱ्याचा रावान घेऊन आली. बोकडाच्या कातड्याचा तो डफ संपाच्या सभांत घुमायचा. वाजवणारा काल पोलिसांच्या गोळीने गेला होता.

"वयनी, हा वाजल्याबिगर त्याला मातीत कसं देऊ? पण कातडं गारठलंय. शेकल्याशिवाय बोलायचं नाही."

बयजाने रावान निखाऱ्यांवर धरला. दारातला पहारेकरी खेकसला, "विस्तव इस्त्रीपुरताच!"

"मग न्या की मला पकडून, दादा. साहेबांच्या वर्दीला इस्त्री तेवढी तुम्ही करा."

त्याने पाठ फिरवली. तिने सावकाश, पोळी फिरवावी तसा रावान फिरवला.

दुपारी शवपेटी निघाली. कारखान्याच्या फाटकाशी बंदुका रोखलेल्या होत्या. सेलेस्तीनने थाप मारली, तसे सगळे जागीच थबकले. मग बयजाने पदर खोचून पहिली गिरकी घेतली, आणि त्या नळ्यांसमोरून अख्खी वस्ती नाचत निघाली.