बंदी उठली

२००२ साली राज्यात गुटखाबंदी आली, तेव्हा आमच्या शाळेत तिच्याविरुद्ध बोलणारे एकटे लिमये सर होते. सर नागरिकशास्त्र शिकवत. मधल्या सुट्टीत खिशातली पुडी फाडत ते आठल्ये सरांना म्हणाले, "माणसाने तोंडात काय घालावं, हे सरकारने कशाला ठरवायचं? मुलांना नीट शिकवा, ती आपण होऊन लांब राहतील."

आठल्ये बंदीच्या बाजूचे. "शिकवून कोण सुधारलंय सर?" ते विचारत. वर्षभर दोघे रोज वाद घालत आणि एकमेकांच्या डब्यातलं खात. मग आठल्ये बदलून अलोऱ्याला गेले आणि भेटी थांबल्या.

२००४ च्या ऑगस्टमध्ये कोर्टाने बंदी उठवली. पैज हरल्यासारखे आठल्ये पेढे घेऊन थेट रत्नागिरीला सरांच्या घरी आले. सर पडवीत आरामखुर्चीवर, अंगणाकडे तोंड करून बसले होते.

"सर, शेवटी तुमचंच खरं झालं हो," आठल्ये मागूनच म्हणाले.

सरांनी वळून न पाहता नुसता हात वर केला. तेवढ्यात कुसुमवहिनी बाहेर आल्या.

"वहिनी, आधी सरांचं तोंड गोड करा."

वहिनींनी पुडा हातात घेतला.

 

"दुधात कालवून, गाळून देते," त्या म्हणाल्या. "मार्चमध्ये जबडा काढला ना, तेव्हापासून सगळं नाकातल्या नळीनेच जातं."