जावईबापूंचा जॅक

“गाडीला खालून आधार द्यायचे लोखंडी स्टँड नाही आणले, जावईबापू?” पायरीवर बसलेल्या सासऱ्यांनी विचारलं.

“कशाला, मामा? जॅक तीन टनांचा आहे. शिवाय खाली विटा लावल्यात.” जावई उचललेल्या गाडीखाली शिरायला वाकला.

सासऱ्यांची हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली होती. पण जावयाला मूर्ख म्हणायची सोय नव्हती.

“खरंय, तुमच्यासारख्या जाणकाराला आम्ही काय सांगणार? फक्त शिरण्याआधी तुमचा नवा फोन पाच मिनिटं गाडीखाली ठेवा.”

जावयाने खिसा घट्ट धरला. “फोन? आणि विटा फुटल्या तर?”

सासरे त्याच्याकडे आदराने बघत राहिले.

दारात उभी असलेली लेक अंगणात उतरली. तिने पायाने विटा बाजूला लोटल्या, जॅकचा दांडा फिरवला आणि गाडी खाली उतरवली.