पांघरूण

यावलजवळच्या आमच्या गावात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे यायचा, कारण शाळेत इंग्रजी मीच शिकवायचो. भाईदासभाऊ बायकोला, सुगंधाबाईंना, घेऊन आले आणि स्वतःच्या दुखण्याची जळगावच्या डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी पुढे केली. तिच्यातला एक शब्द मलाही येईना. मी शाळेची जाडी डिक्शनरी काढली. पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं बरं न करता नुसतं शमवणारं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पांघरूण. दोघं माझ्या बोटाकडे बघत होते.

"आराम पडेल, असं लिहिलंय," मी म्हणालो.

सुगंधाबाईंनी हात जोडले.

"मंग मृगात केळी लावू ना, सर?" भाईदासभाऊंनी विचारलं.

केळी कापणीला यायला दीड वर्ष लागतं. मी डिक्शनरी मिटली.

"लावा."

बायकोला पुढे पाठवून ते चपला घालायला थांबले.

"डॉक्टरनं मले दिवाळीपर्यंतच सांगितलं हाये," ते हळूच म्हणाले. "पन तुमी नाही म्हटलं असतं, तर तिनं केळी लावू दिली नसती. माह्या मांगून तिले काहीतरी कापाले पाहिजे ना, सर."