रिकाम्या बरणीतला कर्ब

मातीत नत्र मिसळल्यावर तिच्यातील कर्ब किती वेगाने उडून जातो, हे पाहण्यासाठी मृदाशास्त्रज्ञ बाईंनी चाळीस बरण्यांत माती बंद केली, त्यास सहा वर्षे लोटली होती. दर सोमवारी झाकणे उघडून, मातीने सोडलेला कर्बवायू मोजून, ती पुन्हा घट्ट लावावीत, आणि अन्य कोणी बरणीस हात लावू नये, असा विभागप्रमुखांचा दंडक होता. दूरगावी अंथरुणाला खिळलेली आई फोनवर विचारी, "यंदा तरी येशील का गं?" जाऊन येण्यातच आठवडा मोडायचा. बाई म्हणत, "सोमवार आडवा येतो गं, आई."

सहा वर्षांच्या नोंदी प्रथमच एकत्र मांडताना त्या एका ओळीशी थबकल्या. तुलनेसाठी ठेवलेल्या, मातीविना रिकाम्या बरणीतही खोलीतल्या हवेपेक्षा जास्त कर्बवायू भरला होता. झाकण उघडताना त्या वाकत आणि नकळत उसासा टाकत. तो उसासाच आजवर मोजला गेला होता. प्रयोग बुडाल्याचे दुःख करावे की सुटल्याचा आनंद, हे त्यांना उमगेना. वही घेऊन त्या प्रमुखांपुढे उभ्या राहिल्या.

"सर, चूक माझी आहे. प्रयोग बंद करावा लागेल."

सरांनी आकडे पाहिले आणि ते मोकळेपणाने हसले. "एवढं काय घाबरलात, बाई! तुमचा उसासा दर सोमवारी अगदी सारखाच पडलाय. सगळीकडून तेवढा वजा करू."

मग वही मिटून ते आपुलकीने म्हणाले, "आता मात्र तुम्हाला सोडून चालायचं नाही हं. दुसऱ्याचा उसासा कमी-जास्त पडला तर?"