टिकतो तो मोठा

जेवायला बसलं की आमच्याकडे एकच वाद. अमेरिकन फुटबॉलमध्ये लांबून फेकलेला बॉल धावत जाऊन झेलणाऱ्यांत मोठा कोण, जेरी राइस की रँडी मॉस? दोघेही केव्हाच रिटायर झालेत, पण कतारमध्ये, अल खोरमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांची मॅच रोज असते.

अनय मॉसचा. "नो वे, बाबा! मॉस वॉज अनस्टॉपेबल." पोरगा इथेच जन्मलेला, मराठी सगळं कळतं, पण उत्तर कायम इंग्लिशमध्ये.

श्याम मात्र राइसवरून हटायचा नाही. "वेग काय, चार दिवसांचा. राइस वीस सीझन खेळला. टिकतो तो मोठा!" असं म्हणताना त्याची मान ताठ व्हायची. गॅस प्लांटमध्ये त्यालाही यंदा विसावं वर्ष लागलंय ना!

काल कंपनीच्या बसमधून उतरून श्याम घरी आला आणि हात धुऊन थेट पानावर बसला. अनयने नेहमीसारखी मॉसची क्लिप त्याच्यापुढे धरली. श्यामने ती पहिल्यांदाच शेवटपर्यंत बघितली.

"मॉसच मोठा," तो म्हणाला. "नुसतं टिकण्यात काय असतं?"

मला हसूच आलं. चला, एकदाचा मिटला वाद, म्हणत मी आमटी वाढायला घेतली.

अनयने मात्र फोन पालथा ठेवला आणि चक्क मराठीत विचारलं,


"बाबा, आपल्याला कतार कधी सोडायचंय?"