डावा स्पीकर

सरफराजनं स्पीकरच्या दोन्ही पेट्यांच्या वायरी अदलाबदल करून पुन्हा जोडल्या, खुर्चीत बसला आणि डोळे मिटले. गाणारी बाई आताही उजवीकडंच, फ्रिजजवळ जाऊन उभी राहिली.

खरं तर तिनं मधोमध उभं राहायला हवं होतं, कॅलेंडर टांगलंय तिथं. चांगल्या स्टिरिओची खूणच ती. आवाज निघतो दोन पेट्यांतून, पण गाणारा उभा असतो मधल्या रिकाम्या जागेत. ती रिकामी जागा एकदा आपल्या घरात ऐकू यावी म्हणून सरफराजनं नोकरीतून सुटल्यापासून जिवाचं रान केलं होतं. दुकानातला तयार संच घ्यायची ऐपत नव्हती, आणि असती तरी त्यानं घेतला नसता; आयतं आणण्यात कसली मजा? स्पीकर जुन्या बाजारातून हुडकून आणले. पेट्या सुतारासमोर ठाण मांडून करून घेतल्या. आत आवाज घुमू नये म्हणून कापूस भरायचा होता, तर बायकोनं, राहतनं, तिच्या अम्मीची गंगापूरची जुनी रजई उसवून दिली. ॲम्प्लिफायर औरंगपुऱ्यातल्या मुबारकभाईनं जोडून दिला. आणि एवढं सगळं होऊन डावी बाजू मार खात होती.

मुबारकभाई सकाळीच येऊन गेला होता. त्यानं खुर्चीत बसून अख्खं गाणं ऐकलं, मान डोलावली आणि बाई बरोबर कॅलेंडरपाशी आहे असं छातीठोकपणे सांगितलं. सरफराजचं डोकंच सणकलं. आपल्या कामातली खोट झाकायला माणूस किती धडधडीत खोटं बोलतो, असं तो तोंडावर म्हणाला. शाळेपासूनची दोस्ती, पण मुबारकभाई अर्धा चहा तसाच ठेवून उठून गेला.

त्यानंतर सरफराजनं दिवसभर सगळं पालथं घातलं. डावी पेटी उजवीकडं नेली, उजवी डावीकडं आणली. वायरी नव्या घातल्या. बाई काही फ्रिज सोडायला तयार नाही. राहत त्याच्या डाव्या हाताला स्टुलावर मेथी निवडत बसली होती. मध्येच तिनं काहीतरी विचारलं. त्यानं उत्तर दिलं नाही आणि तिनंही पुन्हा विचारलं नाही. त्या घरात हे रोजचंच होतं.

आता बदलायचं काही उरलं नव्हतं. उरली होती ती खुर्ची. वैतागून त्यानं तीच फिरवली आणि पेट्यांकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसला.

बाई फ्रिजपासून निघाली आणि थेट खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

सरफराजनं खुर्ची सरळ केली. बाई फ्रिजजवळ. पुन्हा फिरवली. बाई खिडकीत. पेट्या जागच्या जागी होत्या, वायरी जागच्या जागी होत्या. त्यानं डाव्या कानात बोट घातलं. काही फरक पडला नाही. मग उजव्या कानात घातलं, तर गाणं शेजारच्या घरात लागल्यासारखं लांब गेलं.

त्यानं बोट काढलं. वाळूजच्या कारखान्यात कानठळ्या बसवणारी प्रेस मशीन उभी हयात त्याच्या डाव्या हाताला होती. फोन तो नेहमी उजव्या कानाला लावायचा. त्याला वाटायचं, सवय आहे. बिचारा मुबारक खरंच बोलला होता.

"अजी, आता भिंतीला ऐकवता का गाणं?"

राहतचा आवाज त्याला लख्ख ऐकू आला. खुर्ची फिरल्यामुळं तिचं स्टूल आता त्याच्या उजव्या हाताला आलं होतं.

"पेटीत खोट नाय," तो म्हणाला. "माझा डावा कान गेलाय."

मेथीत फिरणारा राहतचा हात थांबला. स्कूटरवर ती पाय डावीकडं सोडून बसायची, आणि बोलायची ते सगळं त्याच्या डाव्या कानाशी.

"अम्मी गेली तवा आपण गंगापूरहून गाडीवर परत आलो. मी सगळ्या वाटेनं बोलत होते. तेबी ऐकलं नाय?"

सरफराजला तो रस्ता आठवला. दोन्ही अंगांना ऊस, तोंडावर वारा आणि मागं गप्प बसलेली राहत. ती बोलत होती हे त्याला आज कळत होतं.

"तुमी हूं की चूं केलं नाय," राहत म्हणाली. "तवापासून मी गाडीवर बोलायचंच सोडलं."

"मला वाटलं, तू गप हायेस. रडू आवरतीस. म्हणून मीबी गप राहिलो."

ते गाणं संपलं आणि दुसरं सुरू झालं. राहतनं मेथीची परात खाली ठेवली, पदरानं नाक पुसलं आणि खुर्ची सरळ करून घ्या, मान अवघडेल, म्हणून सांगितलं. सरफराज उठला. त्यानं ॲम्प्लिफायरचं बटण फिरवून आवाज पार बंद केला. परत आला आणि खुर्ची होती तशीच ठेवून, भिंतीकडं तोंड करून बसला.

"बोल आता," तो म्हणाला.